पट्टा पडल्यानंतर

"लहानपणी नेमकं काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं आणि मला सांगण्यासारखं काहीच सापडेना.

अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात, हातात केसपेपर धरून मी बसले होते. धारूरहून येताना एसटीत मनाशी उत्तरांची जुळवाजुळव केली होती. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, नवऱ्याला यायला अर्धा तास उशीर झाला तरी हातपाय गार पडतात, लेकीवर विनाकारण ओरडते आणि नंतर तासन्‌तास स्वतःला कोसते, हे सगळं मी सांगून टाकलं. पण लहानपणाचं काय सांगायचं? आघात म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर १९९३ चा किल्लारीचा भूकंप यायचा. एका रात्रीत माणसं गेली, गावं गेली. आमच्या घराची तर भिंतही पडली नव्हती. मी म्हणाले, "विशेष काही नाही मॅडम. ऊसतोड कामगाराची मुलगी आहे मी. आमच्याकडं सगळ्यांचं असतं तसंच माझं."

लिहिता लिहिता त्यांचा पेन थांबला. "तसंच म्हणजे कसं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊस तोडायला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूर, सातारा, नगरकडं, कुणी थेट कर्नाटकात. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात आणि दिवाळीपर्यंत गाव रिकामं होतं. उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. ज्याला सगळा गाव ओळखतो, त्याची गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून त्या दिवशी मला शब्द जुळवता आले नाहीत. तेव्हापासून मी ते जुळवते आहे. या वाटेवर मी अजून नवखी आहे आणि पुष्कळ गोष्टी मला अजून उमगलेल्या नाहीत. तरीही लिहिते आहे, कारण "सगळ्यांचं असतं तसंच" या तीन शब्दांखाली माझ्यासारखी बरीच माणसं दबलेली आहेत असं मला वाटतं.

तर तसंच म्हणजे असं.

काही वर्षं आई-दादा, म्हणजे माझे आईवडील, मला आजीपाशी ठेवून जायचे. निघायची वेळ पहाटेची असायची. ट्रक किंवा ट्रॅक्टर गावाबाहेर उभा राहायचा. त्यात भांडीकुंडी, बाजरीची पोती, सरपण, शेळ्या आणि वर माणसं. लेकरू रडेल, मागं पळत येईल म्हणून आम्हाला झोपेतच ठेवून जायची रीत होती. मी उठायचे तेव्हा शेजारचं अंथरूण गार असायचं. एकदा असं झाल्यावर मी ठरवलं की झोपायचंच नाही. दसऱ्याच्या पुढं मी आईच्या पदराचं टोक मनगटाला बांधून पडायचे आणि डोळे उघडे ठेवायचे. पण लेकराला झोप लागतेच.

काही वर्षं मला सोबत नेलं. धाकटा भाऊ तान्हा होता आणि त्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तेव्हा मी सात वर्षांची होते. पाचट आणि बांबूंची कोपी, मधोमध तीन दगडांची चूल. आई-दादा पहाटे तीनला उठून फडात जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, त्या जोडीच्या नावावर. एक दिवस कुणी आजारी पडलं तर खाडा धरून पैसे कापले जायचे, म्हणून आई तापातही कोयता घ्यायची. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि रात्री कारखान्याची गाडी येईल तेव्हा त्या डोक्यावरून वाहून भरायच्या. गाडी कधी दहाला यायची, कधी दोनला. गाडीचा दिवा कोपीवरून फिरला आणि आई उठून गेली की अंधारात मी आणि बाळ. बाहेर ऊस सळसळायचा. बिबट्याच्या गोष्टी रोज कानावर पडायच्या. बाळ रडलं तर आवाजावर बिबट्या येईल, या भीतीनं मी त्याच्या तोंडावर हळूच हात ठेवायचे.

त्या हंगामात बाळाचा हात चुलीत गेला. मी पाणी आणायला वळले होते. आई धावत आली, आधी बाळाला उचललं आणि मग मला मारलं. "एवढं बी जमंना व्हय गं तुला?" त्या वाक्याचा आवाज, चढउतारासकट, मला आजही ऐकू येतो. शाळेत रजिस्टरमध्ये खाडाखोड झाली, भाजीत मीठ जास्त पडलं, लेकीला ताप आला, की तेच वाक्य.

आणि दादांचं पिणं. हिशेबाच्या दिवशी, उचल फिटली नाही हे कळल्याच्या रात्री, मुकादमाची माणसं दारात येऊन बसून गेल्यावर. पिऊन आले की पहिली भाकरी फेकली जायची, मग आई. दादांची चप्पल उंबऱ्यात कशी वाजते यावरून रात्र कशी जाणार हे मला ओळखता यायचं. गावात वाघासारखा दिसणारा माझा बाप मुकादमासमोर मान खाली घालून उभा राहिलेलाही मी पाहिला होता. त्याचा राग कुठून यायचा हे मला फार लवकर कळलं.

या सगळ्यात मला धरून ठेवणारी माझी मोठी ताई होती. तीच वेणी घालायची, तीच रात्री पाठीवर हात ठेवायची. ती सोळाची झाली आणि उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. फडावर वयात आलेली पोर सांभाळणं जड, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या, २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. ताई त्यांच्याही आधीच्या पिढीतली. तिच्या लग्नात मी जेवले, नाचले आणि ती गेल्यावर कित्येक महिने कुणाशी धड बोलले नाही. "पोरगी शहाणी झाली," असं सगळे म्हणाले.

ती शहाणी पोरगी शिकली, डी.एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. चांगला नवरा मिळाला. लेक झाली. बाहेरून पाहणाऱ्याला यात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

लेक सात वर्षांची झाली आणि सगळं उसवायला लागलं. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. तिच्याकडं बघितलं की पोटात खड्डा पडायचा. ती खेळताना मोठ्यानं हसली तरी मला राग यायचा आणि त्या रागाचीच भीती वाटायची. हंगाम सुरू झाला की माजलगाव, केजच्या रस्त्यांनी उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्री मोठ्यानं गाणी लावून जातात. तो आवाज लांबून आला की मी अंथरुणात उठून बसायचे. घामानं अंग भिजलेलं, आणि काही क्षण हे घर आपलंच आहे हेही ध्यानात यायचं नाही. कुठल्या लग्नाकार्यात बसले की मध्येच सगळं दूर जायचं. माणसांची तोंडं हलताना दिसायची, मी कुठंतरी वरून बघत असायचे. 

आधी हृदयाच्या डॉक्टरकडं गेले. ईसीजी व्यवस्थित आला. "टेन्शन घेऊ नका," असं सांगून पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. एका नातेवाइकानं बाहेरचं असेल म्हणून देवऋषी सुचवला. मला ते पटलं नाही, पण दुसरं काय असेल हेही उमजेना. मग आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर एक कागद दिसला: टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारनं ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन लावला तेव्हा बराच वेळ माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं की सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं जा, हे अंगावर काढू नका.

अंबाजोगाईला मॅडमनी आधी थायरॉईड आणि रक्त तपासून घेतलं. झोपेसाठी आणि धडधडीसाठी गोळी सुरू केली. ही सवय लावणारी गोळी नाही, परिणाम जाणवायला काही आठवडे लागतील आणि बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मग कागदावर समजावून सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात एका मोठ्या घटनेनंतरच्या आघाताच्या आजाराशेजारी आणखी एक वेगळी नोंद आली: गुंतागुंतीचा आघात. जिथून सुटून जाता येत नाही अशा परिस्थितीत, पुन्हा पुन्हा, बराच काळ माणूस भीतीत राहिला, विशेषतः लहानपणी, तर तो होऊ शकतो. जुनं आत्ताच घडतंय असं वाटणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, धोका समोरच आहे अशी सततची जाणीव. आणि त्याशिवाय भावना आवरता न येणं, आपण कुचकामी आहोत असा पक्का समज, माणसांच्या जवळ जाणं अवघड होणं. सहाही गोष्टी माझ्या घरात होत्या.

मी विचारलं, "पण मॅडम, एखादी मोठी गोष्ट घडलेलीच नाही."

त्या म्हणाल्या, "दरवर्षी घडत होती ना?"

पुढं छत्रपती संभाजीनगरच्या एका समुपदेशक बाईंकडं जायला लागले, कधी प्रत्यक्ष, कधी व्हिडिओवर. फी मला पगारामुळं झेपते. ताईला ती झेपली नसती, ही बोच दर वेळी सोबत असते.

मला वाटलं होतं, तिथं बसून सगळं सांगायचं, भरपूर रडायचं आणि मोकळं व्हायचं. पहिल्याच भेटीत मी भडाभडा बोलायला लागले तेव्हा बाईंनी मला थांबवलं. मी गोंधळले. ऐकायला नको असेल तर बोलावलं कशाला? त्यांनी सांगितलं की आधी पाय टेकायला जमीन हवी, मग खोल पाण्यात उतरायचं. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली अशा दीर्घ आघातावर पुस्तक लिहिलं आणि बरं होण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग माणसांत परत येणं. टप्पे ओळीनं येतातच असं नाही, पण पहिला टप्पा टाळून पुढं गेलं तर माणूस पुन्हा त्याच रात्रीत अडकू शकतो.

दुसरा गोंधळ श्वासाचा. शाळेत योगदिनाला मी पोरांना प्राणायाम शिकवते. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला की माझी धडधड दुप्पट व्हायची. मला वाटायचं, साधा श्वास घ्यायलाही मला जमत नाही. बाईंनी सांगितलं की अनेकांचं असं होतं, कारण डोळे मिटणं म्हणजे पहारा सोडणं. मग डोळे उघडे ठेवायचे ठरलं. दोन्ही पाय फरशीला, आणि खोलीत दिसतील त्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची: पंखा, कॅलेंडर, लेकीचं दप्तर, दारामागची छत्री. आज कोणती तारीख, मी कुठं आहे, माझं वय किती. पहिल्यांदा हे मला पोरखेळ वाटलं. पण एका रात्री ट्रॅक्टरचा आवाज आला, मी कॅलेंडरवरचा महिना आणि साल मोठ्यानं वाचलं, आणि कोपी मागं सरकली. पूर्ण गेली नाही, पण सरकली.

हे असं का होतं? मेंदूत ॲमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका ओळखून शरीराला सावध करणं हे त्याचं काम. वाढत्या वयात धोका रोजचाच असेल तर तो फार लवकर आणि फार जोरात इशारा द्यायला शिकतो. मला ते असं समजलं: मचाणावर राखणीला बसवलेला माणूस, पीक निघून गेलं, रान मोकळं झालं, तरी त्याला खाली ये असं कुणी सांगितलंच नाही. माझ्या शरीरानं मला दगा दिला असं मी समजत होते. ते बिचारं अजून राखण करत होतं.

मग एका अभ्यासाबद्दल वाचलं. १९९८ साली अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी नऊ हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण, दुर्लक्ष, घरातलं व्यसन, आईवर होणारी हिंसा असे लहानपणीचे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनाचा, अगदी हृदयविकाराचाही धोका वाढलेला त्यांना दिसला. हे वाचल्यावर मी घाबरून बाईंना फोन केला होता. त्यांनी शांतपणे सांगितलं की तो आकडा हजारो माणसांच्या समूहाचा आहे, एकट्या माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही. आणि लहानपणी एक जरी भरवशाचं माणूस लाभलं तरी फार फरक पडतो. मला दोन लाभली होती, आजी आणि ताई. माझी शाळा, माझी नोकरी, माझं आज इथं असणं त्या दोघींच्या हातावर उभं आहे.

सगळ्यांत जास्त काळ मी अडकले ती गोष्ट वेगळीच होती. समुपदेशनात बसून आई-दादांबद्दल बोलायचं म्हणजे त्यांची तक्रार करायची, असं मला वाटायचं. ज्यांनी रक्त आटवून मला शिकवलं, त्यांची? प्रत्येक आठवणीला मी जोड द्यायचे: पण त्यांचा तरी काय इलाज होता? आईचा जन्म १९६८ च्या आसपासचा. ७२ च्या दुष्काळात तिची आई खडी फोडायला जायची आणि ही पोर ढिगाऱ्यापाशी बसलेली असायची. मिलोची भाकरी आणि सुकडी हे तिचं बालपण. पुढं पस्तिशी यायच्या आत तिची गर्भपिशवी काढली. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात तपासणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पेपरातला तो आकडा मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "खाडा पडू नये म्हणून काढली माय. पोट दुखायलं म्हणून कोयता थांबतो का?"

अशा बाईनं मला एकदा मारलं, याचं दुःख मी कोणत्या तोंडानं करायचं?

समुपदेशक बाईंनी एकदा मला विचारलं, "तुमच्या वर्गात सात वर्षांच्या किती मुली आहेत?" मी दुसरीचा वर्ग घेते. त्या म्हणाल्या, "उद्या त्यांच्याकडं फक्त बघून या." दुसऱ्या दिवशी मी परिपाठाला उभी राहिले आणि बघितलं. पुढचे दोन दात पडलेली एक. बुटाची नाडी बांधता न येणारी एक. एक आपल्या पाटीशी गप्पा मारत होती. एवढ्याशा. मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं. आणि त्या वयाच्या पोरीला एक तान्हं बाळ, पेटती चूल आणि अख्खी रात्र सोपवलेली होती. आणि ती पोर गेली तीस वर्षं म्हणत होती की मला जमलं नाही. मी वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. पोरांना वाटलं, बाई लिहितायत.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात स्थिर झाली. आईची मजबुरी खरी आणि माझी जखमही खरी. एकीनं दुसरी पुसली जात नाही. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून आई-दादांना समजून घेत आले होते. उचल, मुकादम, खाडा, दुष्काळ, सगळं मला समजत होतं. त्या समजूतदारपणात त्या पोरीकडं बघायचं मात्र राहून गेलं होतं. परिस्थिती कळल्यानं राग कमी होतो, पण भीती कमी व्हायला कुणीतरी जवळ येऊन बसावं लागतं. ते काम आता मलाच करायचं आहे, नवऱ्याच्या, बाईंच्या आणि गोळ्यांच्या मदतीनं.

दादांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी पिणं सोडून बरीच वर्षं झाली. पाठ वाकली आहे. नातीला खांद्यावर घेऊन गावभर फिरवतात, तिनं मागितलं तर स्वतःच्या ताटातलं उचलून देतात. ते मोठ्यानं खोकले तरी माझे खांदे आजही वर जातात, आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल माया दाटून येते. दोन्ही एकदम कसं असू शकतं हे मला कळत नाही. बाई म्हणतात, कळायलाच हवं असं नाही, आणि माफ करायलाच हवं असंही नाही. बरं होण्यासाठी माफीची अट नसते, हे ऐकून मला फार हलकं वाटलं होतं.

ताईला मात्र सांगितलं. ती तेव्हा कर्नाटकात फडावर होती, रात्री उशिरा फोन लागला. मी कोपीचं, अंधाराचं, गाडीच्या दिव्याचं बोलले. पलीकडं ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गाडी आली की मला अजून बी घाम फुटतो. मला वाटायचं, कामाच्या शिणानं हुतंय." आम्ही दोघी बहिणी तीस वर्षांत पहिल्यांदा याबद्दल बोललो. आता दर रविवारी बोलतो. भावाशीही बोलले. तो चाकणला कंपनीत आहे. हाताच्या व्रणाचा विषय काढला तर म्हणाला, "मला तर काही आठवतच नाही अक्का. तू एवढी वर्षं ते घेऊन बसलीस?"

मी बरी झाले का? पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळ्यांना निदान तारीख कळते. माझ्या हंगामाची तारीख कुणी सांगत नाही. दसरा जवळ आला की झोप अजूनही उडते. पण आता का उडते हे मला माहीत आहे, आणि नवऱ्यालाही माहीत आहे. तो त्या दिवसांत घरातून निघताना मला जागं करून, सांगून जातो. लेकीवर आवाज चढला तर मी थांबते, पाय जमिनीला टेकवते आणि नंतर तिच्यापाशी जाऊन सांगते की यात तुझी चूक नव्हती. हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. ते बोलताना सुरुवातीला जीभ जड व्हायची.

आणि शाळेत मी एक गोष्ट सुरू केली. हंगामाआधी पालकांची बैठक घेतली. हंगामी वसतिगृहाची, हजेरीची माहिती देऊन झाल्यावर मी आयाबापांना हात जोडून सांगितलं: लेकरू रडेल म्हणून त्याला झोपेत टाकून जाऊ नका. जागं करा. कधी जाणार, कधी येणार, तोवर कुणापाशी राहायचं, हे त्याच्या तोंडाकडं बघून सांगा. ते रडेल, रडू द्या, तुम्ही जवळ असताना रडू द्या. आठवड्यात फोनची एक वेळ ठरवा आणि ती पाळा. एक बाई उठून म्हणाल्या, "बाई, आमचंच काळीज फाटतं ना, म्हणून चोरून जातो." मी म्हणाले, "माझी आईपण म्हणूनच जायची." मग बराच वेळ कुणी बैठकीतून उठलं नाही. ज्यानं त्यानं आपापली पहाट सांगितली, म्हाताऱ्यांनीसुद्धा.

आमच्या जिल्ह्यात लेकरांसाठी काही जागा उभ्या राहिल्या आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० साली शांतिवन सुरू केलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली. तिथं जेवण, वही-पुस्तक, छप्पर मिळतं आणि त्याचं मोल मला पुरेपूर ठाऊक आहे. माझं मागणं त्यापुढचं आहे. प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक हंगामी वर्गात लेकरांशी बोलणारा एक प्रशिक्षित माणूस हवा, आणि आम्हा शिक्षकांना गप्प बसलेलं पोर ओळखायचं प्रशिक्षण हवं. वर्गातल्या गप्प, कामसू, शहाण्या मुलीला आम्ही फार पटकन शाबासकी देतो. तिला आधी विचारायला हवं, तुझं कसं चाललंय.

तुम्हीही कधी कुणाला "आमच्याकडं सगळ्यांचं तसंच असतं" असं सांगून विषय संपवला असेल, तर माझी विनंती आहे: एकदा कुणापाशी तरी पुढचं वाक्य बोला. जवळचं माणूस नसेल तर १४४१६ लावा. पहिल्यांदा शब्द सुचणार नाहीत. मलाही सुचले नव्हते, तरी पलीकडचं माणूस थांबलं होतं.